तलवार कुणाची, हात कुणाचा

केळशीच्या महालक्ष्मीच्या चैत्री जत्रेला जाणाऱ्याला शस्त्र घेतलेल्या देवीचं नवल कुठलं? सप्तशतीत महिषासुराला मारणारी महालक्ष्मीच. शस्त्रं देवांनी दिली असतील, चालवली तिनं.

याच किनाऱ्यानं खाली जुन्या गोव्यात गेलं की वेगळीच तलवारवाली भेटते : सेंट कॅथरीन. तिनं कधी कुणावर शस्त्र उगारलं नाही. अलेक्झांड्रियाची ही विदुषी. कथा अशी की रोमन सम्राटानं तिच्याशी वाद घालायला पन्नास पंडित बसवले आणि ते सगळे हरून ख्रिस्ती झाले. चिडून त्यानं तिच्यासाठी काटेरी चाक आणवलं. ते मोडलं, तेव्हा तलवारीनं तिचं शिर उडवलं. म्हणजे चित्रांत तिच्या हाती दिसते ती मारेकऱ्याची तलवार! पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं गोवा घेतलं ते नेमकं तिच्या फेस्ताच्या दिवशी, 25 नोव्हेंबर 1510 ला. झालं, वाद जिंकणारी लढाई जिंकून देणारी ठरली. से कॅथेड्रल तिच्याच नावाचं. मुख्य वेदीवर तिची कथा सोन्याच्या मुलाम्यात कोरलेली आहे.

युरोपातल्या अशा प्रतिमा दूरदेशी पोचायच्या त्या छापील चित्रांतून. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीनं रेघा खोदायच्या, शाई भरायची, पत्रा पुसायचा. शाई उरते ती फक्त रेघांत. वर ओलसर कागद ठेवून रुळांतून दाबून काढायचा. गंमत म्हणजे छापताना चित्र उलटतं. दुसऱ्या कोरक्यानं तो छाप पाहून तसाच नवा पत्रा कोरला की त्याच्या छापात उजव्या हातातली तलवार डाव्यात!

अर्थही असेच उलटतात. इटालियन कवी टास्सोच्या 1581 सालच्या महाकाव्यातली क्लोरिंडा खरीखुरी लढवय्यी, जेरुसलेम राखणाऱ्या मुस्लिम फौजेतली. अंतोनियो तेंपेस्तासारख्या कोरक्यांनी त्या काव्यातले प्रसंग पत्र्यांवर उतरवले. तिच्यावर जीव असलेला ख्रिस्ती योद्धा तांक्रेदी अंधारात तिला न ओळखता घायाळ करतो. मरताना ती बाप्तिस्मा मागते, तो आपल्या शिरस्त्राणात पाणी आणतो. धर्म बदलताना लढवय्यीची तलवार सुटते, आणि लोकांचा धर्म बदलणाऱ्या निःशस्त्र कॅथरीनला ती मिळते. बाईच्या हातातलं शस्त्र त्या काळच्या युरोपला खुपत नसावं. फक्त ती आपल्या बाजूची हवी.

युरोपच्या चित्रांत कॅथरीनच्या पायाखाली तो सम्राट असतो. जुन्या गोव्याच्या व्हाइसरॉय कमानीवरही एक तलवारधारी बाई आहे. तिच्या पायाखालचा माणूस इथलाच आहे.