गच्चीवरून गच्चीकडे: लोकांनी विणलेले बिनतारी जाळे

सामुदायिक बिनतारी जाळे म्हणजे रहिवाशांनी आपापल्या गच्च्यांवर अँटेना बसवून आणि त्या एकमेकींना जोडून स्वतः उभारलेली इंटरनेटची व्यवस्था. एरवी कंपनीची तार घरापर्यंत येते आणि तिथेच संपते. या जाळ्यात घर हे शेवटचे टोक नसते, त्याच्या गच्चीवरून पुढच्या घराकडे वाट जाते. कॅटलोनियातल्या ओसोना भागात २००४ साली सुरू झालेले गुइफी नेट हे अशा जाळ्यांपैकी सर्वांत मोठ्यांत गणले जाते. बर्लिनमध्ये फ्रायफुंक आहे, व्हिएन्नात फुंकफॉयर आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१२ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालणारे 'एनवायसी मेश' आहे. गच्चीवरचे प्रत्यक्ष काम समजून घ्यायला न्यूयॉर्कचे उदाहरण सोयीचे ठरते. तिथे उंच इमारती आणि सपाट गच्च्या शेजारीशेजारी आहेत, आणि कामाची पद्धतही सभासदांनी सविस्तर लिहून सर्वांसाठी खुली ठेवली आहे.

या जाळ्याचा पहिला मोठा सांधा मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळ, ब्रुकलिन पुलालगतच्या '३७५ पर्ल स्ट्रीट' या टेलिफोन कंपनीच्या जुन्या उंच इमारतीवर उभारला गेला. अशा सांध्याला तिथे सुपरनोड म्हणतात. वेगवेगळी नेटवर्क एकमेकांशी थेट देवाणघेवाण करतात अशा केंद्राला तो जोडलेला असतो आणि त्याच्या गच्चीवरच्या अँटेना चहूकडच्या वस्त्यांकडे तोंड करून असतात. ज्या घराच्या गच्चीवरून सुपरनोड किंवा मधला एखादा सांधा दिसतो, ते घर जाळ्यात येऊ शकते. 'दिसतो' हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा आहे.

म्हणून कामाची सुरुवात पाहण्यापासून होते. नाव नोंदवणाऱ्या रहिवाशाकडून गच्चीवरून चारही दिशांना काढलेली छायाचित्रे मागवतात. शहरातल्या इमारतींची उंची दाखवणारे त्रिमितीय नकाशे उपलब्ध आहेत. त्यांवर दोन गच्च्यांमध्ये रेघ ओढून मध्ये काही आडवे येते का, हे आधीच तपासता येते. तरी छायाचित्र लागतेच. पाण्याची लाकडी टाकी, नव्याने चढलेला मजला, शेजारच्या अंगणातले झाड या गोष्टी नकाशात असतीलच असे नाही.

रेघ मोकळी असली म्हणजे वाट मोकळी झाली, असेही नाही. रेडिओलहरी बाणासारख्या एका रेषेत जात नाहीत. दोन अँटेनांच्या मध्ये त्यांना फुगीर काकडीच्या आकाराची जागा लागते. या जागेला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. साडेपाच गिगाहर्ट्झच्या लहरी वापरून दोन किलोमीटरची जोडणी करायची असेल, तर मधोमध या काकडीची त्रिज्या पाच मीटरच्या थोडी वर भरते. त्यातला निदान साठ टक्के भाग, म्हणजे मध्यरेषेपासून तीनेक मीटर, मोकळा हवा. समोरची इमारत दुर्बिणीतून स्वच्छ दिसते पण जोडणी मात्र रडतखडत चालते, याचे कारण पुष्कळदा रेषेच्या जेमतेम खाली असलेला मधलाच कोणाचा तरी कठडा असते. झाडांचे दुखणे आणखी वेगळे. हिवाळ्यात निष्पर्ण फांद्यांमधून उत्तम चाललेली जोडणी मे महिन्यात पालवी फुटताच ढासळते, कारण पानांतले पाणी या लहरी शोषून घेते. हिवाळ्यात पाहणी करणाऱ्याने झाड पानांनी भरलेले आहे असे धरूनच निर्णय घ्यावा.

गच्ची कोणाची, हा प्रश्न तांत्रिक नसला तरी त्यावर बरेच काही अडते. अमेरिकेत एक मीटरपर्यंतची डिश भाडेकरूने बसवण्यास घरमालकाने आडकाठी करू नये, असा केंद्रीय नियम आहे. पण तो भाडेकरूच्या एकट्याच्या ताब्यातल्या जागेपुरता, म्हणजे बाल्कनी किंवा खासगी अंगणापुरता आहे. सामाईक गच्ची त्यात येत नाही. त्यामुळे मालकाची किंवा सोसायटीची परवानगी आधी आणि लेखी घेतलेली बरी. परवानगी मागताना गच्चीच्या आच्छादनाला भोक पाडणार नाही, हे आवर्जून सांगितले जाते. मालकाला खरी भीती गळतीची असते, आणि ती रास्त आहे.

अँटेना कुठे बसवायची, हे भोक न पाडण्याच्या या शब्दाने ठरते. सपाट भागावर ड्रिल चालवायचे नाही. कठड्याची आतली बाजू, जिन्याच्या खोलीची भिंत, भक्कम लोखंडी खांब किंवा जुनी वापरात नसलेली डिशची दांडी, यांपैकी एकाचा आधार घेतात. यातले काहीच नसेल, तर सिमेंटच्या ठोकळ्यांनी दाबून ठेवलेली चौकट वापरतात. विटांच्या भिंतीत स्क्रू बसवताना भोक विटेत पाडावे, दोन विटांमधल्या चुन्यात नको. जुना चुना भुसभुशीत असतो आणि वाऱ्याच्या रोजच्या हिसक्यांनी पकड सुटते. दांडी ओळंब्याने सरळ करून घेतली की पुढचे नेम धरण्याचे काम निम्म्याने हलके होते. गॅसची नळी, धुराड्याचे तोंड आणि आगीच्या वेळी उतरायचा बाहेरचा लोखंडी जिना यांना काहीही बांधायचे नाही. तिथे केबल लोंबत असेल तर धुरात, अंधारात उतरणाऱ्याचा पाय तिच्यात अडकेल. मोबाइल कंपनीच्या उंच अँटेना गच्चीवर असतील तर त्यांच्या समोरच्या बाजूला उभे राहू नये. गच्चीवर कधीही एकट्याने काम करू नये. पाऊस, वारा किंवा विजांची चिन्हे दिसली तर काम सरळ पुढे ढकलावे.

न्यूयॉर्कच्या साध्या जोडणीत गच्चीवर दोन उपकरणे असतात. एक, हातभर रुंदीची लहान डिश. तिचा झोत अरुंद असतो आणि ती दूरच्या सांध्याकडे रोखलेली असते. दुसरे, चारही बाजूंना लहरी पाठवणारे 'ओम्नी'. आतमध्ये राउटर असलेले हे उपकरण जवळपासच्या गच्च्यांशी बोलते. पहिल्याने घर जाळ्याला जोडले जाते आणि दुसऱ्याने जाळे त्या घरापासून पुढे वाढते. केवळ स्वतःपुरते इंटरनेट हवे असेल तर ओम्नीवाचूनही भागते. तरीही ते बसवण्याचा आग्रह धरला जातो, आणि तो योग्य आहे. त्या एका पेटीमुळेच सुपरनोड न दिसणाऱ्या खुज्या इमारतींना जाळ्यात वाट मिळते.

विजेची वेगळी तार गच्चीवर नेण्याची गरज पडत नाही. खाली खोलीत ठेवलेल्या छोट्या अडॅप्टरमधून एकच इथरनेट केबल डेटाही नेते आणि कमी दाबाची वीजही. केबल बाहेर वापरण्यासाठीच बनवलेली, उन्हाला टिकणारी, आतून धातूचे आवरण असलेली हवी. लांबी शंभर मीटरच्या आत. घरातली साधी पांढरी केबल बाहेर टाकली तर तिचे वेष्टण उन्हाने तडकते, आत पाणी शिरते आणि तारांच्या कडेकडेने झिरपत थेट खालच्या अडॅप्टरपर्यंत पोचते. म्हणून केबल डिशमध्ये खालच्या बाजूने शिरावी, आणि खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली लोंबणारा एक वळसा द्यावा. पावसाचे पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून जाते. वळसा फुकटचा आहे, आणि त्याच्याइतके मोठे नुकसान दुसरे काहीच वाचवत नाही.

टोकाला प्लग दाबताना आठ तारांचा क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा दोन्ही बाजूंना एकच ठेवतात. प्लग बसला की तो टेस्टरवर तपासूनच पुढे जायचे. चुकलेली एक तार नंतर शोधायची म्हणजे पाच मजल्यांच्या चार फेऱ्या होतात. धातूची दांडी आणि केबलचे आवरण इमारतीच्या अर्थिंगला जोडावे. थेट पडणाऱ्या विजेपासून कोणतेही अर्थिंग उपकरणाला वाचवू शकत नाही. पण वाऱ्याने साठणारा स्थिर विद्युतभार आणि दूरवर पडलेल्या विजेचा धक्का जमिनीत जातो, आणि खालच्या खोलीतले संगणक सुरक्षित राहतात.

जुळणीचे पुष्कळसे काम गच्चीवर चढण्याआधी टेबलावरच उरकतात. उन्हात लॅपटॉपचा पडदा नीट दिसत नाही आणि गार वाऱ्यात बोटे चालत नाहीत. उपकरणाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करायचे, देश बरोबर निवडायचा, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा. देशाची निवड क्षुल्लक वाटते, पण कोणत्या लहरी किती ताकदीने वापरायला परवानगी आहे हे तिच्यावरून ठरते. एनवायसी मेशमध्ये प्रत्येक जागेला एक क्रमांक मिळतो आणि त्यावरून उपकरणाचा पत्ता तयार होतो. १२३४ क्रमांकाच्या जागेचा पत्ता १०.६९.१२.३४. ही युक्ती साधी आहे आणि फार उपयोगी. बिघाड शोधणाऱ्याला पत्ता पाहताच जागा कळते. क्रमांक टाकला की ओम्नीसाठी पूर्ण जुळणीची फाइल तयार होऊन मिळते, ती उपकरणात चढवायची. डिश मात्र 'स्टेशन' म्हणून, म्हणजे सांध्याच्या अँटेनाला जोडून घेणारे टोक म्हणून ठेवतात.

मग येते नेम धरणे. हे हाताने आणि सबुरीने करायचे काम आहे. अशा डिशचा झोत ढोबळमानाने दहा अंशांचा असतो. तोंड पाच अंश चुकले की दोन किलोमीटरवर नेम पावणेदोनशे मीटर बाजूला जातो आणि हाती येणारी शक्ती निम्म्यावर येते. शक्ती डेसिबल-मिलिवॅटमध्ये मोजतात, आणि आकडे उणे असतात. उणे साठ म्हणजे एका मिलिवॅटचा दशलक्षांश भाग. इतक्या क्षीण संकेतावर चित्रपट पाहता येतो, हे ऐकून पहिल्यांदा कोणालाही नवल वाटते. तीन डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी, दहा घट म्हणजे एक दशांश. उणे साठच्या आसपास किंवा त्याहून चांगला आकडा मिळाला तर जोडणी निश्चिंत चालते. उणे सत्तरच्या पलीकडे ती पावसापाण्यात दगा देते.

एक जण डिश अगदी हळू डावी-उजवीकडे फिरवतो, दुसरा आकडा मोठ्याने वाचतो. आकडा चांगला आला म्हणून तिथेच थांबायचे नाही. डिशच्या मुख्य झोताच्या दोन्ही अंगांना लहान उपझोत असतात, आणि त्यांवरही एक खोटे शिखर सापडते. म्हणून शिखर ओलांडून दोन्हीकडे पुढे जायचे, आकडा पडू द्यायचा, मग मध्यावर परत यायचे. त्यानंतर हेच वर-खाली. डिश उभ्या आणि आडव्या अशा दोन पातळ्यांवर एकाच वेळी बोलते. दोन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक पातळी बरीच मागे पडली असेल तर डिश तिरकी बसली आहे किंवा वाटेत काही आडवे आहे. नट आवळताना डिश किंचित हलते, त्यामुळे आवळून झाल्यावर आकडा पुन्हा पाहावाच लागतो.

कोणत्या चॅनेलवर बोलायचे हे सांधा ठरवतो. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग रडारसोबत वाटून घ्यायचा आहे. ५.६ ते ५.६५ गिगाहर्ट्झमध्ये विमानतळांसाठी वादळी वाऱ्यांवर नजर ठेवणारे हवामान रडार चालतात. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचे असे रडार ब्रुकलिनमध्येच, फ्लॉइड बेनेट फील्डवर आहे. म्हणून पट्ट्याच्या या वाटून घेतलेल्या भागात उपकरणाने आधी एक मिनिट ऐकायचे आणि मगच बोलायचे असा नियम आहे. रडारची चाहूल लागली तर दहा सेकंदांत चॅनेल सोडायचे आणि अर्धा तास तिकडे फिरकायचे नाही. 'नेट मध्येच जाते आणि थोड्या वेळाने आपोआप येते' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. ही सोय उपकरणात बंद करणे बेकायदा आहे आणि उतरणाऱ्या विमानांसाठी धोक्याचेही.

शेवटी वाट कोणती धरायची याचा निर्णय. प्रत्येक ओम्नीतला राउटर शेजाऱ्यांना आपल्या जोडण्यांची खबर देत राहतो. प्रत्येक जोडणीला एक 'खर्च' लावलेला असतो, थेट डिशच्या जोडणीला कमी, ओम्नीच्या जोडणीला जास्त. प्रत्येक राउटर सगळ्या जाळ्याचा नकाशा मनाशी जुळवतो आणि सर्वांत स्वस्त वाट निवडतो. हे गणित डच शास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेले आहे. एखादी गच्ची बंद पडली तर नवा नकाशा तयार होतो आणि रहदारी दुसरीकडून वळते. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने ब्रुकलिनची रेड हुक वस्ती पाण्यात घातली तेव्हा तिथले छोटे सामुदायिक जाळे चालू राहिले, आणि नंतर केंद्रीय आपत्ती यंत्रणेने उपग्रहाची जोडणीही त्याला दिली.

घराच्या आत एकच पथ्य पाळायचे. गच्चीवरून आलेली केबल वायफाय राउटरच्या 'इंटरनेट' लिहिलेल्या खाचेतच घालायची. ती चुकून दुसऱ्या खाचेत गेली तर तो राउटर शेजाऱ्यांनाही पत्ते वाटू लागतो आणि अख्ख्या इमारतीचा गोंधळ उडतो.

भारतात ही उपकरणे बाहेर लावण्याची वाट ऑक्टोबर २०१८ मध्ये रुंद झाली. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ तेव्हा परवान्यातून मुक्त झाले. धरमशालेत २००५ पासून अशा जोडण्या उभ्या राहिल्या होत्या. पालघर जिल्ह्यात मुंबई आयआयटीच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने गावे बिनतारी जोडून पाहिली, आणि २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. लहरींना परवाना नको, याचा अर्थ लोकांना इंटरनेट सेवा द्यायला परवाना नको असा मात्र नाही.

काम आटोपल्यावर उपकरणांची आणि केबलच्या मार्गाची छायाचित्रे काढतात, मिळालेला संकेताचा आकडा जागेच्या क्रमांकासमोर नोंदवतात. पुढे कधी तक्रार आली की पहिल्यांदा तोच आकडा पाहायचा. आज तो दहाने खाली असेल तर दांडी हलली असेल, प्लगमध्ये पाणी गेले असेल किंवा समोर नवा मजला चढला असेल. आकडा तसाच असेल, तर गच्चीवर चढायचे कारण नाही आणि बिघाड खाली घरात शोधायचा.