तुझ्या वाटचं मी गाते

आमच्या नगरकडे रविवारची उपासना संपली तरी मंडळी लगेच घरी जात नाही. आवारात बायका घोळक्यानं उभ्या राहतात. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाची सासू दवाखान्यात आहे, सगळी चौकशी होते. निघताना एखादी म्हातारी हात धरून म्हणते, "प्रार्थनेत आठवण ठेवते गं बाई." लहानपणापासून हे इतक्यांदा ऐकलं की त्याची किंमत कधी कळली नाही. ती कळली बर्मिंगहॅमला आल्यावर.

नर्स म्हणून मी इंग्लंडला निघाले, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "तुला काय गं, तिकडे सगळे तुमचेच!" इथे आले, तर वॉर्डातल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तू ख्रिस्ती कधी झालीस?" नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. आमच्या घरात ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर गातच आम्ही मोठे झालो. हे सगळं चहाच्या सुट्टीत कुणाला आणि किती सांगणार? चर्चमध्येही सुरुवातीला परकंच वाटायचं. ऑर्गनची चाल वेगळी, उभं राहायचं-बसायचं कधी ते वेगळं.

दुसऱ्या हिवाळ्यात बाबा गेले. बातमी कळली तेव्हा मी रात्रपाळीवर होते. रजा आणि तिकीट मिळेपर्यंत दफनविधी उरकणार हे उघड होतं. भावानं फोन धरला आणि मी इथल्या खोलीत बसून तो पाहिला. मध्येच चित्र थांबायचं. पुढे सरकायचं तेव्हा माणसं दुसऱ्याच जागी उभी असायची.

नंतर खूप निरोप आले. "प्रभूची इच्छा." "खंबीर राहा." "ते आता चांगल्या जागी आहेत." सगळे मनापासूनच लिहिलेले होते, आणि यातलं खोटंही काही नव्हतं. पण प्रत्येक निरोप वाचून झाल्यावर मला वाटायचं, आता आपण बरं असायला पाहिजे. आणि मी बरी नव्हते.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले. गीत सुरू झालं तरी तोंडातून शब्द फुटेना. शेजारी एक वयस्कर जमैकन बाई होत्या. सगळे त्यांना आंटी म्हणतात. कॅरिबियन घरांतही थोरल्या बाईला असंच म्हणायची रीत आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातलं पुस्तक हळूच मिटवलं आणि म्हणाल्या, "आज नाही गाता आलं तर राहू दे. तुझ्या वाटचं मी गाते. तुला जमेल तेव्हा तू परत घे." एवढं बोलून त्या खरंच गायला लागल्या, थोड्या बेसूर, पण मोठ्यानं.

त्या एका वाक्यानं माझ्यावरचं ओझं उतरलं. श्रद्धा ही एकट्यानं पेलायची गोष्ट नाही, आपण थकलो की दुसरं कुणी ती थोडा वेळ धरून ठेवतं, हे मी आयुष्यभर प्रवचनांत ऐकलं होतं. त्या दिवशी ते कुणीतरी करून दाखवलं.

आंटींची हकिगत मला पुढे कळली. २२ जून १९४८ ला 'एम्पायर विंडरश' जहाजातून आलेले कॅरिबियन प्रवासी टिलबरी बंदरात उतरले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ५ जुलैला, इथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिला माणसं हवी होती, म्हणून पुढच्या वर्षांत कॅरिबियन बेटांवरून कितीतरी मुली नर्सिंगसाठी आल्या. आंटी त्यांतल्याच एक. पहिल्या रविवारी त्या जवळच्या एका चर्चमध्ये गेल्या, तर दारात त्यांना गोडीत सांगण्यात आलं की पुन्हा इकडे न आलात तर बरं. त्या काळात हा अनुभव त्यांच्यासारख्या अनेकांना आला. त्यांची आई गेल्याचं पत्र हाती पडलं, तेव्हा तिकडे माती होऊन बरेच दिवस झाले होते. "तेव्हा मला जे ऐकायला हवं होतं, ते तुला सांगितलं," एवढंच त्या म्हणाल्या.

पवित्र शास्त्रात बर्णबा आहे. त्याचं खरं नाव योसेफ. 'बर्णबा' हे प्रेषितांनी ठेवलेलं नाव, धीर देणारा अशा अर्थाचं. तो कुप्र बेटावरचा, म्हणजे यरुशलेमेत बाहेरूनच आलेला. शौल मंडळीत यायला निघाला तेव्हा सगळे त्याला भीत होते. बर्णबानं त्याला सोबत घेऊन प्रेषितांपुढे नेलं आणि त्याच्या बाजूनं बोलला. शौल पुढे पौल म्हणून जगाला ठाऊक झाला. बर्णबाची पत्रं मात्र नव्या करारात नाहीत. धीर देणाऱ्यांचं बहुधा असंच होतं. त्यांचे शब्द दुसऱ्यांच्या आयुष्यात जिरून जातात.

आंटी आता वृद्धाश्रमात असतात. गेल्या महिन्यात भेटायला गेले आणि आभार मानले. त्यांनी भुवया उंचावल्या. "मी असं म्हणाले होते?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी सगळं पुन्हा सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "बरं म्हणाले होते की!" दोघी खूप हसलो.

म्हणून हे लिहिते आहे. बोलणारा विसरतो, ऐकणाऱ्याच्या मात्र ते लक्षात राहतं. तेव्हा उधारी फेडायची ती ऐकणाऱ्यानंच. आणि घरच्यांनो, परदेशातल्या तुमच्या मुलीचा आवाज फोनवर बसलेला वाटला, तर "खंबीर राहा" म्हणायची घाई करू नका. "आज तुझ्यासाठी आम्ही प्रार्थना करतो, तू नुसती झोप," असं सांगून पाहा. आमच्या वॉर्डात केरळची एक नवी मुलगी आली आहे. तिची आई आजारी आहे. येत्या रविवारी मी तिच्या शेजारी बसणार आहे.