सण घरचे, पण कागदावर मूल परकं. ज्यू घरांतलं दत्तक असं सुटलं

वरवट बकाल : दत्तक म्हटलं की आपल्याकडे १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आठवतो. तो ज्यू, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांना लागूच नाही.

ज्यू म्हणजे आपल्या कोकणातले बेने इस्राएल. घरात मराठीच. शनिवारी तेलघाणा बंद, म्हणून गावानं नाव पाडलं ‘शनवार तेली’. वर्षारंभाला नव्याचा सण, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याला बिरड्याचा सण. नवस फेडायला गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा. अशा घरात आणलेलं लेकरू पंगतीला बसे, पण १८९० च्या कायद्यानं आई-बाप नुसते पालक. पोर अठराचं झालं की तेही संपलं! वारसाहक्क तर नाहीच.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, धर्म कोणताही असो, बाल न्याय कायद्यानं दत्तक घेता येतं. २०१५ च्या नव्या कायद्यातही तेच आहे. सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. आधी ‘कारा’च्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. दवाखान्यातून परस्पर, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेलं अनाथ मूल दत्तक ठरत नाही. उलट गुन्हा दाखल होऊ शकतो.