चौघांचा व्हॉलीबॉल : कोणी कोठे उभे राहावे

व्हॉलीबॉलला एका बाजूस सहा खेळाडू लागतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण गावात रोज सहा आणि सहा अशी बारा माणसे कोठून आणावीत? कापूस वेचणीचे दिवस आले की कोणी शेतात असते, कोणी जिनात. रावेर-यावलकडे केळीची गाडी भरायची असली की आणखी चार जण कमी. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात आठच माणसे जमतात. त्यांत चार पुरुष, चार बाया. मग काय खेळ बंद ठेवायचा? मुळीच नाही. दोन पुरुष आणि दोन बाया एका बाजूस, तितकेच दुसऱ्या बाजूस, असा डाव मांडावा.

हा खेळ मुळी मोठ्या माणसांसाठीच निघाला. अमेरिकेत होल्योक गावी विल्यम मॉर्गन नावाचे व्यायामशिक्षक होते. बास्केटबॉलची धावपळ ज्यांना झेपेना, अशा प्रौढांसाठी त्यांनी १८९५ साली हा खेळ काढला. तेव्हा किती जणांनी खेळावे याला बंधन नव्हते. सहाचा नियम पुढे झाला. जपानात अजूनही नऊ-नऊ जणांचा खेळ चालतो. वाळूवर दोन-दोन जण खेळतात, आणि तो खेळ १९९६ पासून ऑलिंपिकमध्येही आहे. तेव्हा चौघांचा खेळ म्हणजे खोटा खेळ, असे कोणी म्हणू नये.

पहिली गोष्ट मैदानाची. मोठ्या मैदानात एका बाजूची जागा ९ मीटर लांब, ९ मीटर रुंद असते. म्हणजे ८१ चौरस मीटर. सहा जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला साडेतेरा मीटर येते. तीच जागा चौघांत वाटली तर वीस मीटर होते. एवढी राखताना माणूस दमून जातो. म्हणून चौघांसाठी ७ मीटर लांब व ७ मीटर रुंद जागा आखावी. सात मीटर म्हणजे तेवीस फूट. चुना नसला तर राखेने आखले तरी चालते. पुरुषांची जाळी २.४३ मीटर उंच असते, बायांची २.२४ मीटर. आपण मधली उंची धरावी, सुमारे पावणेआठ फूट.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ गावांत आम्ही असे पाहिले की, पुरुष मधोमध उभे राहतात आणि बाया कडेला. चेंडू बाईच्या अंगावर आला तरी पुरुष "सोड, सोड" करत धावतो. त्याला वाटते, आपण चेंडू वाचवला. पण त्याची स्वतःची जागा रिकामी पडते, आणि समोरचा नेमका तेथेच चेंडू टाकतो. गुण तर जातोच. शिवाय त्या बाईच्या हाताला तासभरात एक चेंडू लागत नाही. ती चार दिवस येते, पाचव्या दिवशी घरीच राहते. तिच्यामागे दुसरीही राहते. मग उरतात दोघे पुरुष, आणि खेळ मोडतो.

यावर उपाय जागेचा आहे. चौघांनी पतंगाच्या आकारात उभे राहावे. एक जण जाळीजवळ. दोघे दोन्ही कडांना, जाळीपासून बारा-तेरा फुटांवर. चौथा मागे, शेवटच्या रेषेच्या तीन फूट आत. पुरुष शेजारी शेजारी ठेवू नयेत. एक मागे असला तर दुसरा कडेला असावा.

जाळीजवळ कोणाला ठेवावे? लोक सगळ्यांत उंच पुरुष ठेवतात. आम्हांला ते पटत नाही. तेथे उंचीपेक्षा बोटे महत्त्वाची. पहिला फटका आला की चेंडू हलका, उंच उचलून देणे हे त्या माणसाचे काम. ज्या बाईची बोटे मऊ आणि नजर शांत, तिला तेथे ठेवावे. यात आणखी एक फायदा आहे. पुष्कळ मिश्र सामन्यांत असा नियम असतो की, एकाहून जास्त हात लागले तर त्यांत एक हात बाईचा असलाच पाहिजे. दुसरा चेंडू नेहमी बाईच उचलते म्हटल्यावर हा नियम आपोआप पाळला जातो. कोणाला मोजत बसावे लागत नाही.

दोघांच्या मधोमध येणारा चेंडू सर्वांत वाईट. दोघेही एकमेकांकडे बघतात आणि चेंडू खाली पडतो. असा चेंडू उजवीकडच्याने घ्यावा, असे आधीच ठरवून टाकावे. आणि घेणाऱ्याने मोठ्याने "मी!" म्हणावे. येथे एक अडचण येते. सासरे किंवा भासरे त्याच बाजूला खेळत असले की सून ओरडायला बिचकते. अशा वेळी वडील माणसानेच पहिल्या दिवशी सांगून टाकावे, "बाई, येथे तू बोलली नाहीस तर आपण हरू." पटांगणात "मी" म्हणणे हा काही उद्धटपणा नव्हे.

तिसरा चेंडू पलीकडे जातो. तो दर वेळी हाणलाच पाहिजे असे नाही. समोरचेही पतंगासारखे उभे असले तर त्यांचे मागचे दोन कोपरे मोकळे असतात, आणि जाळीजवळच्या माणसाच्या पाठीमागची जागाही मोकळी असते. तेथे चेंडू नुसता अलगद टाकावा. जोरदार फटका बाहेर जातो, बघून टाकलेला चेंडू गुण देतो. समोर कोणी खरोखर जोराने मारणारा असला तर आपल्यातल्या एकानेच जाळीवर उडी घेऊन अडवावे. उरलेल्या तिघांनी मागे त्रिकोण करावा. दोघे एकदम उडाले तर मागे शेतच मोकळे! आणि मारणारा कच्चा असला तर उडीच नको. जाळीजवळच्या बाईने दोन पावले मागे यावे.

सर्व्हिस चौघांनी पाळीपाळीने करावी, आणि सर्व्हिस झाली की आपापली जागा धरावी. रोजच्या सरावात मात्र जागा बदलत राहाव्यात. एकाला ताप आला तर दुसऱ्याला ते काम यायला हवे.

आपल्या भागात वाऱ्याचाही विचार करावा लागतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. मैदान उत्तर-दक्षिण आखावे, म्हणजे मावळतीचे ऊन कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. मग पावसाळ्याच्या तोंडाचा पश्चिमेचा वारा आडवा लागतो आणि उंच चेंडू पूर्वेकडे वाहून जातो. अशा दिवशी चेंडू फार उंच उचलू नये, आणि सगळा पतंग एक पाऊल पूर्वेकडे सरकवून उभा करावा.