जुनी पिकअप गाडी उंच करताना

पावसाळा लागला की काळ्या जमिनीतील पाणंदीने शेतमाल पक्क्या रस्त्यापर्यंत आणणे मोठे जिकिरीचे होते. चाकोऱ्या खोल जातात, मधला उंचवटा गाडीच्या पोटास घासतो आणि भरलेली गाडी चिखलात रुतते. यावर उपाय म्हणून अनेक शेतकरी जुनी पिकअप गाडी उंच करून घेतात. मागील ॲक्सल व कमानी यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसविले किंवा कमानींना जादा पाटे घातले की काही इंच उंची सहज मिळते. परंतु तेवढ्याने काम संपत नाही. उंची वाढताच ॲक्सलवरील पीळ, शॉकअब्सॉर्बरची लांबी, ब्रेक आणि गाडीचा तोल या चारही गोष्टी बदलतात. त्यांकडे दुर्लक्ष केल्यास मालाबरोबर माणसांचाही जीव धोक्यात येतो.

पीळ कसा पडतो

बैलगाडीचे चाक बैलांच्या ओढीने फिरते. त्यामुळे तिच्या आसावर फिरविण्याचा जोर येत नाही. मोटारगाडीत मात्र चाक स्वतःच जमिनीला रेटा देते. चाक पुढे फिरू लागले की त्याची प्रतिक्रिया म्हणून ॲक्सलचे कवच उलट दिशेने फिरू पाहते व त्याचे पुढील तोंड वर उचलले जाते. ब्रेक लावल्यावर हेच तोंड खाली झुकते. हा पीळ कमानींना सोसावा लागतो व त्या नागमोडी वाकतात. चाकाची पकड सुटली की कमान झटक्याने सरळ होते, पुन्हा वाकते आणि मागील चाके थडथड उडू लागतात. ठोकळ्यामुळे जमिनीपासून कमानीपर्यंतचे अंतर वाढते व हा जोर अधिकच वाढतो. प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट तुटणे, कमानीचा मधला बोल्ट कापला जाणे हे त्याचेच परिणाम होत. एकावर एक ठोकळे रचणे तर सर्वथा टाळावे.

ट्रॅक्शन बारची योजना

हा पीळ थोपविण्यासाठी ॲक्सलपासून चासीपर्यंत एक मजबूत दांडा बसवितात. त्यास ट्रॅक्शन बार म्हणतात. दांड्याची मागील बाजू ॲक्सलच्या वर व खाली अशा दोन ठिकाणी पक्की धरलेली असावी. पुढील टोक मात्र चासीला घट्ट जखडू नये. गाडी दबली की कमान सपाट होऊन लांबते आणि ॲक्सल थोडा मागेपुढे सरकतो. ही हालचाल मोकळी राहावी म्हणून पुढील टोकास रबरी बुश असलेला, झुलणारा शॅकल द्यावा. तसे न केल्यास दांडा व कमान एकमेकांस अडवतात व शेवटी ब्रॅकेट तरी फाटते किंवा चासीला तडा जातो.

प्रॉपेलर शाफ्टचे कोनही तपासावेत. दोन साधे युनिव्हर्सल जॉइंट असलेल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जवळजवळ समान हवेत. अन्यथा गाडी थरथरते व जॉइंट लवकर झिजतात. फरक आढळल्यास योग्य मापाची पाचर बसवून घ्यावी.

शॉकअब्सॉर्बरची जागा

उंच केलेल्या गाडीत जुना शॉकअब्सॉर्बर आखूड पडतो. खड्ड्यात चाक लोंबले की सारा झटका त्याच्यावर येऊन ब्रॅकेट उखडते. नुसता लांब बसविला तर गाडी दबताना तो तळाशी आदळतो. म्हणून प्रथम दोन मापे घ्यावीत : चाके पूर्ण लोंबत असताना दोन्ही ब्रॅकेटमधील अंतर आणि ॲक्सल रबरी ठोकळ्यास टेकला असतानाचे अंतर. समजा, ही मापे ६० व ३८ सेंटिमीटर आली. तर निवडलेला शॉकअब्सॉर्बर पूर्ण उघडल्यावर निदान ६२.५ सेंटिमीटर व पूर्ण मिटल्यावर जास्तीत जास्त ३५.५ सेंटिमीटर असावा.

तो फार तिरपा बसवू नये. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला शॉकअब्सॉर्बर सुमारे तीन-चतुर्थांश काम देतो. ४५ अंशांत निम्मेच उरते. ब्रॅकेट बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार देणारे असावे. चासीच्या उभ्या बाजूवर भोक पाडावे. वरच्या व खालच्या पट्टीस पाडू नये. कमानीच्या पाट्यावर वेल्डिंग कधीही करू नये, कारण उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते व पाटा तुटतो.

ब्रेक व तोल

मागील ब्रेकची रबरी नळी चाक लोंबल्यावर ताणली जात नाही ना, हे पाहावे. काही गाड्यांत ॲक्सल व चासी यांमधील अंतरावरून भार ओळखून मागील ब्रेकचा दाब ठरविणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच केल्यावर तो भरलेल्या गाडीसही रिकामी समजतो व मागील ब्रेक कमी पडतो. त्याची जुळणी जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी.

तोलाचा हिशेब साधा आहे. चाकांमधील रुंदी १.४ मीटर व भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य १.१ मीटर उंचीवर धरल्यास गाडी सुमारे ३२ अंश कलेपर्यंत उभी राहील. उंची १० सेंटिमीटरने वाढताच ही मर्यादा ३० अंशांवर येते. प्रत्यक्षात वळणाचा वेग, कमानींचे दबणे व हलणारा माल यांमुळे ती आणखी घटते. मजूर मालावर बसले असल्यास परिणाम काय होईल, हे सांगावयास नको.

काम हाती घेण्यापूर्वी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही. म्हणून पैसा खर्च करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. विमा कंपनीसही विचारावे. पुष्कळदा उंचीची गरजच उरत नाही. झिजलेल्या कमानी बदलणे, खोल नक्षीचे टायर घालणे, एका खेपेऐवजी दोन खेपांत माल नेणे आणि शेजाऱ्यांनी मिळून पाणंदीच्या दोन्ही बाजूंस चर काढून पाण्यास वाट देणे, एवढ्यानेही माल वेळेवर बाजारात पोहोचतो आणि गाडीही जमिनीवर घट्ट राहते.