नुसतं बघून तब्येत कळत नाही!

लग्नकार्यात कुणी भेटलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "किती जाड झालीस गं!" नाहीतर "काय रे, घरी जेवायला घालत नाहीत का?" पण अंगकाठीवरून आरोग्य ओळखता येत नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरणच बघा.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

मग लक्ष कशाकडे द्यायचं?

✅ कंबरेचा घेर: बायकांचा ८०, पुरुषांचा ९० सेंमीच्या आत
✅ आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं
✅ रक्तदाब आणि साखरेची वेळच्या वेळी तपासणी

अशा टोमण्यांमुळे शरीराची लाज वाटली की माणूस अनेकदा पोहायला, जिमला जायचंच टाळतो. आहे त्या शरीराला आपलं म्हटलं की व्यायाम ही शिक्षा वाटत नाही, तो टिकतो.

म्हणून एवढं कराच: तपासण्या करून घ्या, मनापासून हालचाल करा, आणि मुलांसमोर स्वतःच्या शरीराला नावं ठेवणं आजपासून बंद करा. मुलं तेच शिकतात.