स्प्रिंग मऊ हवी की कडक?

धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे जळगावला जाणाऱ्या एस. टी.च्या मागच्या बाकावर कधी बसला आहात ना? गाडी रिकामी असली की दणके जोरात बसतात. भरलेली असली की तेच खड्डे सौम्य वाटतात. रस्ता तोच, गाडीखालचे पोलादी पाटेही तेच. बदलले ते फक्त वजन. स्प्रिंग कडक की मऊ हे तिच्यावरील ओझ्याच्या मानाने ठरते, ही गोष्ट आधी ध्यानात घ्या.

मोटारींचा नाद असलेले विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, रोजची गाडी शर्यतीतही पळवायची असेल तर तिला कोणती स्प्रिंग बसवावी?" हल्ली यासाठी 'कॉइलओव्हर' नावाचा संच मिळतो. नाव भारदस्त असले तरी वस्तू तुमच्या ओळखीची आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाजवळ पाहा. मधे तेल भरलेली नळी, म्हणजे गॅरेजवाल्यांचा 'शॉकअप', आणि तिच्याभोवती स्प्रिंग. झाला कॉइलओव्हर! मोटारीच्या संचात नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. स्प्रिंग ज्या कड्यावर टेकते ते कडे या आट्यांवर फिरवून वरखाली करता येते.

आता थोडे गणित करू. समजा, एका चाकावरील स्प्रिंगवर 250 किलोग्रॅम भार आहे आणि त्याने ती 16 सेंटिमीटर दबली आहे. अशी गाडी एका सेकंदात किती वेळा वरखाली होईल? 9.8 ला 0.16 ने भागा, वर्गमूळ काढा आणि 6.28 ने भागा. उत्तर येते सुमारे 1.25. रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा हा ठेका शरीराला सोसवतो. हीच स्प्रिंग चौपट कडक केली तर ती 4 सेंटिमीटरच दबेल आणि ठेका दुप्पट, म्हणजे अडीच होईल.

शर्यतीच्या गुळगुळीत वाटेवर हा कडकपणा कामाचा असतो. वळणावर गाडी कमी कलते, ब्रेक लावल्यावर नाक कमी खुपसते, आणि टायर रस्त्यावर सपाट टेकून राहतात. पण खानदेशातील रस्ता म्हणजे शर्यतीची वाट नव्हे! तापीकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरील डांबरी रस्त्यालाही लाटा येतात. चौपट कडक स्प्रिंगची गाडी 6 सेंटिमीटर खोल खड्ड्यावर आली असे समजा. स्प्रिंग दबलेली आहे 4 सेंटिमीटरच. तेवढी उलगडली की तिचा जोर संपला. पुढे चाकाला खाली ढकलणारे उरते केवळ त्याचे स्वतःचे वजन. वेगात असताना तेवढ्या अवधीत चाक तळाशी पोचत नाही, ते अधांतरी राहते. अधांतरी चाकाला ना ब्रेक लागतो, ना ते वळते. म्हणजे प्रश्न नुसता पाठदुखीचा नाही.

शॉकअपचे काम निराळे. स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा ती परत देते, म्हणून गाडी उसळत राहते. शॉकअपमधील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि त्या ऊर्जेची उष्णता होते. लांब प्रवासानंतर नळी तापलेली लागते ती त्यामुळेच. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना दर तेरा-साडेतेरा मीटरवर एक लाट आली, तर तिचा ठेका आपल्या मऊ स्प्रिंगच्या ठेक्याशी जुळतो. झोका देताना आपण नेमक्या वेळी धक्का देतो, तसे ते होते. शॉकअप निकामी असेल तर उसळी वाढतच जाते. चौपट कडक स्प्रिंगला तितकाच आवर घालायचा, तर तेलाचा रोध दुप्पट लागतो. म्हणून नुसती स्प्रिंग बदलून भागत नाही.

कडे फिरवण्याबद्दल मात्र बराच गैरसमज आहे. कडे खाली घेतले की गाडी खाली बसते. स्प्रिंगचा कडकपणा तसूभरही बदलत नाही. मात्र खालच्या बाजूला हालायला जागा कमी उरते. याहून घातक म्हणजे गाडी 'बसकी' दिसावी म्हणून स्प्रिंगचे वेढे कापणे. आठ कार्यकारी वेढ्यांतील दोन कापले, तर स्प्रिंग एकतृतीयांशाने अधिक कडक होते. शिवाय चाक लोंबकळले की ती बैठकीतून निसटू शकते. हे काम करून देणारे गॅरेज सापडले तरी करू नये.

मग निवड कशी करावी? आधी शर्यत कोणती ते विचारावे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईची शर्यत आखीव, पक्क्या वाटेवर होते. नाशिक परिसरात झालेल्या रॅलींना कच्च्या वाटाही तुडवाव्या लागल्या. कच्च्या वाटेला कडकपणापेक्षा चाकाला वरखाली होण्याची लांब मोकळीक हवी, आणि तीच आपल्या रोजच्या रस्त्यालाही हवी. माझ्या मते वर्षातले तीनशे दिवस ज्या रस्त्यावर जायचे, त्याच्या मानाने स्प्रिंग घ्यावी. मूळ स्प्रिंगपेक्षा थोडी कडक चालेल, दुप्पट नको. गाडीची उंची कारखान्याने ठरवलेल्या उंचीच्या आसपास राहू द्यावी. पैसे खर्चायचेच असतील तर ज्याचा रोध कमीजास्त करता येतो अशा शॉकअपवर खर्चावे.

घरच्या गाडीचा शॉकअप तुम्हालाही तपासता येईल. गाडी सपाट जागी उभी करून एक कोपरा दोन्ही हातांनी दाबा आणि एकदम सोडा. कोपरा वर येऊन जास्तीत जास्त एक हेलकावा घेऊन थांबला तर ठीक. तीन-चार वेळा डुलला तर नळीतून तेल गळते आहे का ते वाकून पाहा.